जुनं ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर घ्यायचंय? आधी ते वाचायला शिका

पहिलं रिव्हॉल्व्हर मी चकाकी बघून घेतलं. बर्मिंगहॅमजवळ जुन्या शस्त्रांचा बाजार भरला होता आणि एका टेबलावर ते आरशासारखं चमकत होतं. बोमाँट-अ‍ॅडम्स, टोपीचं (म्हणजे मागे बसवलेल्या छोट्या स्फोटक टोपीने बार उडणारं), पाच बारांचं, १८५०च्या दशकातलं. घरी आणून भिंग लावलं तेव्हा लक्षात आलं, की कोणीतरी ते बफच्या चाकावर धरून मनसोक्त घासलंय. नळीवरच्या चाचणीच्या शिक्क्यांची नुसती सावली उरली होती. चौकटीवरच्या पेटंट क्रमांकातले दोन अंक गेले होते. ज्या कडा बोटाला टोचायला हव्यात, त्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. वस्तू खरीच होती, पण तिच्यावर लिहिलेलं सगळं कोणीतरी पुसून टाकलं होतं.

या छंदात नवीन माणसाला मी म्हणूनच पहिल्यांदा हे सांगतो. लष्करी रिव्हॉल्व्हरच्या अंगावर त्याची सगळी कुंडली ठोकलेली असते. कोणी बनवलं, कोणी तपासलं, कुठल्या सरकारच्या मालकीचं होतं, कधी मोडीत काढलं, पुन्हा कधी विकलं, सगळं. ती वाचता आली पाहिजे आणि आपल्या हातून पुसली जाता कामा नये. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीसाठी आहेत. मी ब्रिटनमध्ये राहतो, म्हणून मुख्य माहिती इथली आहे. अमेरिका आणि भारत जिथे लागतील तिथे येतील.

पहिली पायरी: कायदा

ही पायरी गाळून कोणीही पुढे जाऊ नये. १३ मार्च १९९६ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घालून मारलं. त्यानंतर १९९७ साली इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये खासगी हँडगनवर बंदी आली. आजही चालतं रिव्हॉल्व्हर बेकायदा बाळगलं तर किमान पाच वर्षांची कैद आहे. ‘शोभेसाठी ठेवलं होतं’ म्हणून सुटका होत नाही. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

मग संग्राहकाला मार्ग कोणते? तीन.

पहिला, खरोखर ‘अँटिक’ ठरणारं शस्त्र. १९६८च्या फायरआर्म्स कायद्याच्या ५८व्या कलमात त्याची सूट आहे, पण ते केवळ कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवलेलं असावं लागतं. झाडायचा विचार जरी असला तरी परवाना लागतो. अँटिक म्हणजे नेमकं काय, हे २०२१च्या नियमांनी ठरवून दिलंय. शस्त्र १ सप्टेंबर १९३९च्या आधीचं हवं, आणि ते एकतर ठासणीच्या वा टोपीच्या जुन्या पद्धतीचं हवं, किंवा त्याचं काडतूस सरकारी यादीतल्या कालबाह्य काडतुसांपैकी हवं. त्याच वेळी जुन्या यादीतली सात काडतुसं वगळली गेली, कारण ती गुन्ह्यांत सापडू लागली होती. त्यात .४४२ होतं (हा आकडा म्हणजे काडतुसाचं इंचांतलं माप). कालपर्यंत बिनपरवान्याची असलेली कितीतरी व्हिक्टोरियन रिव्हॉल्व्हरं एका दिवसात परवान्याखाली आली. म्हणून २०२१आधीच्या कोणाच्या सल्ल्यावर विसंबू नका. खरेदीच्या दिवशी यादी स्वतः उघडून बघा.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं, वेब्ली (ब्रिटिश लष्कराचं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर) १८८७चं आहे, म्हणजे अँटिकच की! तसं नाही. वेब्लीचं .४५५ काडतूस त्या यादीत नाही. चालू स्थितीतलं .४५५ वेब्ली कितीही जुनं असलं तरी ब्रिटनमध्ये ते बंदी असलेलं शस्त्रच आहे. टोपीचं बोमाँट-अ‍ॅडम्स मात्र तुम्ही बिनपरवाना भिंतीवर लावू शकता.

दुसरा मार्ग निकामी केलेल्या शस्त्राचा. इथे त्याला डीअ‍ॅक्टिव्हेटेड म्हणतात. नळी, सिलिंडर, घोडा यांच्यावर ठरलेल्या पद्धतीने काम करून ते कायमचं बंद केलेलं असतं, आणि प्रूफ हाउस, म्हणजे शस्त्रांची चाचणी करणारी संस्था, ते तपासून प्रमाणपत्र देतं. एप्रिल २०१६पासून याचे निकष फार कडक झाले. त्याआधीच्या निकषांवर निकामी केलेलं शस्त्र घरात ठेवायला हरकत नाही, पण नव्या निकषात बसवल्याशिवाय ते विकता येत नाही. म्हणजे ‘जुन्या प्रमाणपत्राचं आहे, घोडा अजून हलतो बघा’ असं म्हणत कोणी विकायला आला तर तिथून उठा. डिसेंबर २०१९पासून असं शस्त्र एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की गृहखात्याला कळवावंही लागतं.

तिसरा मार्ग १९९७च्या कायद्यातल्या सातव्या कलमाचा. ऐतिहासिक महत्त्वाचं चालू शस्त्र परवान्यावर घेता येतं, पण .४५५ वेब्लीसारखं असेल तर ते सरेमधल्या बिस्लीसारख्या नेमून दिलेल्या ठिकाणीच ठेवावं लागतं. हा रस्ता पुढचा आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या वाटेला जाऊ नका.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी केंद्रीय कायद्याची रेषा १८९८ची आहे. त्या वर्षापर्यंत बनलेलं ते अँटिक. त्यापुढचं पण ५० वर्षांहून जुनं ते ‘क्युरिओ अँड रेलिक’, आणि त्यासाठी संग्राहकांचा वेगळा परवाना मिळतो. राज्यांचे कायदे याच्यावर, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

भारताबद्दल मला सगळ्यांत जास्त फोन येतात. ‘आजोबा मिलिटरीत होते, वाड्याच्या माळ्यावर ट्रंकेत वेब्ली सापडलंय, काय करू?’ त्याला हात लावू नका, ते घेऊन प्रवास करू नका, कोणाला दाखवायला नेऊ नका. वकिलाच्या सल्ल्याने पोलीस ठाण्याला लेखी कळवा. .४५५ आणि .३८ ही दोन्ही भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापांत, मोडतात. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या, पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनही जे झाडता येणार नाही अशाच शस्त्राला. तसं ते आहे की नाही हे तुम्ही आणि मी ठरवायचं नसतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्यात मोजली जातात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली खासगी माणसाला देशाबाहेरही नेता येत नाही. इकडचं तिकडे सामानातून नेण्याचा विचार मनातसुद्धा आणू नका, निकामी केलेलं असलं तरी.

दुसरी पायरी: खानदान ओळखा

पैसे खिशातच ठेवून सहा महिने फक्त बघा. लीड्सचं रॉयल आर्मरीज आणि लंडनमध्ये चेल्सीचं नॅशनल आर्मी म्युझियम ही दोन ठिकाणं पुरेशी आहेत. काचेसमोर उभं राहून खालचा क्रम डोळ्यांत बसवा.

सुरुवात १८५१पासून करू. लंडनच्या महाप्रदर्शनात अमेरिकन कोल्ट आणि लंडनचा रॉबर्ट अ‍ॅडम्स समोरासमोर आले. कोल्टचा घोडा दर बाराला अंगठ्याने मागे ओढावा लागे. अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरला घोड्यावर अंगठ्याची पकडच नव्हती, नुसता चाप ओढायचा. पुढे रॉयल इंजिनिअर्सचा अधिकारी फ्रेडरिक बोमाँट याने दोन्ही तऱ्हा एकत्र आणल्या. घोडा अंगठ्याने मागे ओढून नेमका बार टाका, किंवा घाईत नुसता चाप ओढा. १८५६मध्ये लष्कराने हे बोमाँट-अ‍ॅडम्स स्वीकारलं. त्याचं माप ‘५४ बोअर’ सांगतात. एक पौंड शिशाच्या सारख्या ५४ गोळ्या केल्या तर एकीचा जो व्यास येईल तो, म्हणजे सुमारे ०.४४२ इंच. आकडा मोठा तर गोळी लहान, हे नवख्याला सुरुवातीला उलटं वाटतं.

१८६८मध्ये याच टोपीच्या रिव्हॉल्व्हरांत बदल करून ती .४५०च्या धातूच्या काडतुसाला बसवली गेली. मग १८८०मध्ये सरकारी कारखान्याचं .४७६ एनफील्ड आलं, १८८२मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. त्याची रचना मला आजही विलक्षण वाटते. कडी सोडून नळी खाली मोडली की सिलिंडर पुढे सरकतो, रिकामी काडतुसं मागच्या चांदणीत अडकून राहतात आणि गळून पडतात. तळातलं एक मात्र बरेचदा तसंच अडकून बसे. लढाईत ते एक काडतूस बोटाने उपसावं लागणाऱ्या माणसाचा विचार करा. कॅनडाच्या घोडदळ पोलिसांनी ही रिव्हॉल्व्हरं विसाव्या शतकातही वापरली, लष्कराने मात्र लवकरच दुसरीकडे पाहिलं.

ते ‘दुसरीकडे’ म्हणजे बर्मिंगहॅमच्या वीमन स्ट्रीटवरचं वेब्ली. नोव्हेंबर १८८७मध्ये मार्क एक, म्हणजे पहिली आवृत्ती, मंजूर झालं आणि पहिली मागणी १०,००० नगांची होती. वरची कडी अंगठ्याने दाबली की नळी पुढे मोडते आणि सहाही काडतुसं एकदम वर उचलली जातात. पुढचे मार्क या रचनेवरच्या सुधारणा आहेत. १८९९चं मार्क चार दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाशी जोडलं जातं. १९१३च्या मार्क पाचचा सिलिंडर जरा जाड केला, कारण काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली होती. एक ते पाच या सगळ्यांची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली आहे. २४ मे १९१५ला मंजूर झालेल्या मार्क सहाची मूठ चौकोनी आणि नळी सहा इंची. पहिल्या महायुद्धाच्या फोटोंत दिसतं ते बहुधा हेच. १९२१ ते १९२६ या काळात ते एनफील्डच्या सरकारी कारखान्यातही बनलं. नुसत्या नळीच्या लांबीवरून मात्र मार्क ठरवू नका. जुन्या मार्कांना नंतर सहा इंची नळ्या बसवल्याची भरपूर उदाहरणं आहेत. मूठ बघा, सिलिंडर बघा आणि नळीच्या वरच्या पट्टीवर काय ठोकलंय ते वाचा.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लष्कराने हलक्या .३८कडे मोर्चा वळवला. एनफील्ड नंबर दोन १९३२मध्ये आलं, आणि १९३८च्या आवृत्तीत घोड्याची अंगठ्याची पकड काढून टाकली, कारण रणगाड्याच्या आत ती कशाततरी अडकायची. युद्धकाळात ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सनेही हे बनवलं. ट्रक बनवणाऱ्या कंपनीचं नाव रिव्हॉल्व्हरवर दिसलं तर दचकू नका.

अधिकाऱ्यांची खासगी रिव्हॉल्व्हरं हा वेगळाच आणि माझा सर्वांत आवडता कप्पा. अधिकारी आपलं शस्त्र स्वतः विकत घेत. अट एकच, सरकारी काडतूस त्यात बसलं पाहिजे. त्यामुळे वेब्लीचीच उंची मॉडेलं, बर्मिंगहॅमच्याच विल्यम ट्रँटरची रिव्हॉल्व्हरं, तलवारी बनवणाऱ्या विल्किन्सनच्या दुकानातून गेलेली वेब्ली, अशी विविधता आहे. वेब्ली-फॉसबेरी तर धक्क्याच्या जोरावर आपोआप पुढचा बार तयार करणारं. ते रचणारा जॉर्ज फॉसबेरी हा बंगालच्या सैन्यातला अधिकारी, १८६३च्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. नळीच्या पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही सीएसएल’ अशी अक्षरं दिसली तर मुंबईकराने थोडं थांबावं. ही अधिकाऱ्यांची सहकारी दुकानं होती आणि त्यांची एक शाखा मुंबईत काळा घोड्याजवळ होती. ती इमारत आजही त्याच नावाने उभी आहे. माझी आई लहानपणी तिथून शेकडो वेळा गेली असेल. मला त्या नावाचा अर्थ बर्मिंगहॅममध्ये एका रिव्हॉल्व्हरच्या पाठीवर कळला.

तिसरी पायरी: शिक्के

दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटी बॅटरी आणि वही घ्या. प्रकाश समोरून टाकू नका, बाजूने तिरका टाका. पुसट शिक्के तेव्हाच उठून दिसतात.

सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे बाण, तीन रेघांचा, कोंबड्याच्या पायासारखा. ही ब्रिटिश सरकारी मालकी. बाणाशेजारी किंवा बाणाभोवती काय आहे त्यावरून देश कळतो. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडा. दोन डी अक्षरांच्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलिया. बाणाखाली आय अक्षर असेल तर हिंदुस्थान सरकार. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारने ते शस्त्र सेवेतून काढून विकलं. हा जोडबाण लष्करी वस्तूवर मला नेहमी दिलासा देतो. ती रीतसर बाहेर पडली, हा त्याचा अर्थ.

मुकुट, खाली अंक, त्याखाली ई अक्षर असा छोटा ठसा हा एनफील्डच्या तपासनिसाचा. मोठ्या भागांवर तो ठिकठिकाणी असतो. चाचणीचे नागरी शिक्के वेगळे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३पासून बॅनबरी स्ट्रीटवर आहे, लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ची. शस्त्र नागरी बाजारात विकण्याआधी तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार टाकून तपासतात आणि मग शिक्का मारतात. शिक्क्यांची तऱ्हा काळानुसार बदलली. मुकुटाखाली बीएनपी असा बर्मिंगहॅमचा शिक्का १९५४नंतरचा. म्हणजे १९१६च्या वेब्लीवर तो दिसला तर ते युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी बाजारात आलं. १९२५ ते १९५५च्या दरम्यान बाहेरून आलेल्या शस्त्रांवर ‘इंग्लिश बनावटीचं नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं मारत. पहिल्या महायुद्धात तुटवडा पडला म्हणून ब्रिटनने स्पेनमधून .४५५ रिव्हॉल्व्हर घेतली होती. ती वेब्लीसारखी दिसत नाहीत, पण लष्करी बाण त्यांच्यावरही असतो, आणि नवख्याला ती बरी परवडतात.

मग क्रमांक. चौकट, नळी आणि सिलिंडर या तिघांचा क्रमांक एकच हवा. तो जुळत नसेल तर वस्तू खोटी ठरत नाही. लष्करी कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी भागांची सरमिसळ होतच असे. पण किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे.

चौथी पायरी: हातात घेऊन बघणं

आधी विचारा, ‘बघू का?’ मग नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर. टोपीचं असेल तर कोनांवर (टोप्या बसतात त्या टोकांवर) टोप्या नाहीत ना आणि सिलिंडरच्या घरांत दीडशे वर्षांपूर्वीचा बार अडकलेला नाही ना, हे विक्रेत्याला तपासून दाखवायला सांगा. जुना बार तसाच राहिलेली शस्त्रं आजही निघतात. रिकामा चाप ओढू नका. जुनी कमान तुटली तर ती परत मिळत नाही.

मागच्या वर्षी मी एक निकामी केलेलं मार्क सहा पाहिलं. विक्रेता मराठी माणूस ओळखून म्हणाला, ‘हे तुमच्यासाठीच ठेवलंय, मुठीच्या पट्टीवर मराठा पलटणीचा शिक्का आहे.’ माझं काळीज क्षणभर हललं. मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेल्या होत्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, एप्रिल १९१६च्या शरणागतीत त्यांतली माणसं कैदेत गेली. असं रिव्हॉल्व्हर घरी असावं, असं कोणाला वाटणार नाही?

मी बॅटरी तिरकी धरली. पट्टीवर गंजाने पडलेले बारीक खड्डे होते, जुने, काळे पडलेले. अक्षरं मात्र त्या खड्ड्यांच्या वर बसली होती. अक्षराची एक रेघ सरळ एका खड्ड्यातून गेली होती आणि खड्ड्याच्या आतली बाजू तिथे उजळ होती. अक्षराच्या कडेला उचललेली धातूची धार बोटाच्या पेराला लागत होती. शंभर वर्षं खिशा-म्यानात घासलेल्या शिक्क्याची ती धार कधीच मोडून जायला हवी होती. खरा शिक्का आधी पडतो, गंज नंतर येतो, आणि गंज अक्षरालाही खातो. इथे क्रम उलटा होता. मी ते खाली ठेवलं. त्यामागचा वेब्लीचा कारखान्याचा ठसा आणि १९१७ हे साल अस्सल होतं. कोणीतरी एका चांगल्या वस्तूवर खोटं लिहिलं होतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तोच तिरका प्रकाश पॉलिशही पकडून देतो. कारखान्याच्या मूळ मुलाम्यात शिक्क्यांच्या कडा कोऱ्या असतात. नंतर घासून पुन्हा काळं केलं असेल तर अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती खोलगट बशी तयार होते. एनफील्डच्या नंबर दोनवर जाड काळा रंग दिसला तर मात्र घाबरू नका. लष्करानेच युद्धानंतरच्या दुरुस्तीत तसा रंग मारला होता आणि तोही त्या वस्तूचा इतिहासच आहे. खरवडू नका.

अमेरिकेत वेब्ली बघणाऱ्यांनी सिलिंडरची मागची बाजू आधी तपासावी. तिकडे .४५५ काडतुसं मिळेनात म्हणून हजारो वेब्लींचे सिलिंडर मागून तासून त्यांत .४५ एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस बसवलं गेलं. त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या चाचणीच्या दाबाजवळ जातो. तासलेल्या वेब्लीत कारखान्याचं पूर्ण जोराचं .४५ एसीपी झाडणं म्हणजे ते फुटण्याची वाट बघणं. संग्राहकाच्या दृष्टीने अशा वस्तूची किंमतही निम्म्याखाली समजावी.

जोडसामानात नकली माल सगळ्यांत जास्त. १९१६चं प्रिचर्ड पद्धतीचं वेब्लीला लागणारं संगीन आणि प्रिडो पद्धतीचं सहा काडतुसं एकदम भरायचं साधन या दोन्ही दुर्मीळ आणि महाग गोष्टी. पहिल्या पाच वर्षांत या घेऊ नका, इतकंच सांगतो.

पाचवी पायरी: खरेदी

लिलावघर, शस्त्रांचे बाजार आणि नोंदणीकृत विक्रेते. लिलावात पुकारलेल्या किमतीवर घराचं कमिशन आणि त्यावर कर चढतो, तो आधी हिशेबात धरा. पावतीवर मार्क, कॅलिबर, क्रमांक आणि ‘५८व्या कलमाखाली अँटिक’ किंवा ‘निकामी, प्रमाणपत्र क्रमांक अमुक’ असं लिहून घ्या. प्रमाणपत्रावरचा क्रमांक वस्तूवरच्या क्रमांकाशी तिथेच ताडून बघा. कागद नंतर पाठवतो म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या.

एकच घ्या, चांगलं घ्या. मध्यम प्रतीची चार घेणाऱ्याला वर्षाने ती चारही विकावीशी वाटतात. माझा सल्ला असा: पहिली खरेदी घासलेलं नसलेलं, खरेखुरे शिक्के असलेलं टोपीचं अ‍ॅडम्स किंवा ट्रँटर, नाहीतर नव्या निकषातलं निकामी मार्क सहा. थोडा गंज चालेल. पॉलिश चालणार नाही.

काडतुसांचा मोह होतोच. जिवंत काडतूस कोणत्याही परिस्थितीत जवळ नको. दारू आणि टोपी काढून टाकलेली रिकामी काडतुसं मात्र लोक आवडीने जमवतात, आणि तिथे पुण्याच्या माणसाला एक भेट मिळते. बुडावर केएफ ही अक्षरं दिसली तर ते किरकी फॅक्टरीचं, म्हणजे १८६९पासून चालू असलेल्या आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. .३८०ची अशी काडतुसं इंग्लंडच्या बाजारातही सापडतात.

सहावी पायरी: जपणूक

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. आठवडाभर नुसतं बघा, फोटो काढा. मग मऊ सुती कापडावर पातळ तेलाचे दोन थेंब घेऊन धूळ पुसा. लाल, भुरभुरणारा गंज जिवंत असतो, तो तेलात भिजवून पितळी किंवा तांब्याच्या धारेने अलगद उचलावा. काळा, घट्ट बसलेला गंज मेलेला असतो, तो तसाच राहू द्या. लोखंडी घासणी आणि पॉलिशची पेस्ट घरात ठेवूच नका. शेवटी रेनेसाँ वॅक्सचा पातळ हात. हे मेण १९५०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि संग्रहालयं आजही तेच वापरतात.

रिव्हॉल्व्हर कधीही चामड्याच्या म्यानात ठेवू नका. बघायला ते सुंदर दिसतं, पण कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि आम्लं ओल धरतात आणि म्यानाचा आकार गंजाच्या रूपात धातूवर उमटतो. खांद्यावरून पट्टा जाणारा सॅम ब्राउन बेल्ट शेजारच्या खुंटीला टांगा. त्याचा जनक सॅम ब्राउन हा हिंदुस्थानातला अधिकारी, १८५८मध्ये डावा हात गेल्यावर एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून त्याने तो पट्टा वापरात आणला, असं सांगतात. वेब्लीच्या मुठीवरच्या काळ्या व्हल्कनाइटच्या (कडक रबराच्या) पट्ट्या उन्हात ठेवल्या की हिरवट तपकिरी होतात, म्हणून खिडकीजवळचं कपाट नको. सिलिका जेलच्या पुड्या दर दोन महिन्यांनी तापवून कोरड्या करा. आपल्याकडे मुंबईत जितकी हवा ओली, तितकी इथली नसते, पण इंग्लंडचा हिवाळा कपाटाच्या आत शिरतोच.

स्क्रू उघडायचे तर खाचेत तंतोतंत बसणारा पेचकसच हवा. बसत नसेल तर उघडू नका.

सातवी पायरी: माणसाचा शोध

नाव कोरलेलं अधिकाऱ्याचं रिव्हॉल्व्हर मिळालं तर खरी मजा इथून पुढे. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या फायली आहेत. हिंदुस्थानी सैन्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात. लंडन गॅझेट या सरकारी राजपत्राचे जुने अंक इंटरनेटवर शोधता येतात. नाव कोरलेलं असेल तर ते आडनावासकट खरं माना, पण वस्तूवरच्या सालाशी त्याच्या नेमणुकीचं साल जुळतं का ते बघितल्याशिवाय कोणाला सांगू नका.

प्रत्येक वस्तूची एक फाईल करा. सगळ्या शिक्क्यांचे जवळून काढलेले फोटो, मापं, पावती, प्रमाणपत्र, तुम्हाला जे कळलं ते आणि जे कळलं नाही तेही. विमा कंपनीला याचीच प्रत द्या. आणि एक लिफाफा घरच्यांसाठी. त्यात साध्या मराठीत लिहा: कोणत्या कपाटात काय आहे, कोणतं अँटिक आहे, कोणतं निकामी, कागद कुठे आहेत, तुम्हाला काही झालं तर आधी कोणाला फोन करायचा आणि यातलं काहीही भारतात न्यायचं नाही. माझ्या बायकोला तो लिफाफा कुठे आहे हे माहीत आहे. दर दिवाळीला आम्ही दोघं मिळून तो उघडतो आणि नवी ओळ लिहायची असेल तर लिहितो.